नवे डेव्हलपर टूल स्वीकारण्यापूर्वी: दहाव्या दिवसाचा हिशेब

वेब आणि अ‍ॅप डेव्हलपरांसमोर सतत काही ना काही नवे येत असते. कधी ते नवे रनटाइम (कोड प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा) असते, कधी कोडपासून तयार अ‍ॅप बनवणारे वेगवान बिल्ड टूल, तर कधी लॉगिन, डेटाबेस आणि फाइलसाठा एकाच छताखाली देणारा प्लॅटफॉर्म. पाच मिनिटांच्या प्रात्यक्षिकात यांपैकी प्रत्येक गोष्ट सुरळीत चालते. नव्याचे नऊ दिवस तसे चांगलेच जातात. खरे प्रश्न दहाव्या दिवसापासून सुरू होतात, म्हणजे आवृत्ती बदलते, दर बदलतात, परवाना बदलतो किंवा बनवणारी कंपनीच दुसऱ्या कामाकडे वळते तेव्हा. त्या दिवसाचा हिशेब टूल स्वीकारण्याआधीच कसा मांडावा, याची मी वापरतो ती पद्धत इथे क्रमाने दिली आहे. तिच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: हे टूल उद्या सोडावे लागले, तर किती दिवस जातील आणि नेमके काय मागे राहील?

हा प्रश्न मी चटका बसल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी एका छोट्या अ‍ॅपसाठी आम्ही लॉगिनपासून फाइलसाठ्यापर्यंत सगळे सांभाळणारी एक सेवा घेतली होती. ती बंद होणार असल्याचे पत्र आले, तेव्हा डेटा बाहेर काढण्याची सोय होती, पण पासवर्डचे हॅश, म्हणजे पासवर्डऐवजी साठवलेली त्यांची सांकेतिक रूपे, मिळत नव्हते. त्यामुळे प्रत्येक वापरकर्त्याला पासवर्ड नव्याने ठरवायला सांगावे लागले, आणि ज्यांनी नोंदणीचा ईमेल पत्ता केव्हाच सोडून दिला होता, त्यांची खाती आम्ही एकेक करून हाताने जोडून दिली. टेबले दोन दिवसांत हलली, माणसे हलवायला दीड महिना लागला.

पहिली पायरी: अडचण एका वाक्यात लिहावी

टूलचे संकेतस्थळ उघडण्याआधी आपली अडचण आकड्यासह लिहून काढावी. ‘बिल्ड फार हळू आहे’ एवढे पुरत नाही. ‘कोड चढवल्यापासून चाचण्या संपेपर्यंत १४ मिनिटे लागतात आणि त्यातली ९ मिनिटे डिपेंडन्सी, म्हणजे लागणारी इतरांची पॅकेजेस, उतरवण्यात जातात’ हे वाक्य उपयोगाचे आहे, कारण ते लिहिल्यावर पुष्कळदा लक्षात येते की नव्या टूलची गरज नसून सीआयमधली (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेतली) कॅशची, म्हणजे आधी उतरवलेल्या गोष्टींच्या साठ्याची, मांडणी चुकली आहे. निदान निम्म्या वेळा तरी माझा शोध याच पायरीवर संपला आहे.

अडचण नीट लिहिली की तुलनेचा रोखही बदलतो. डेस्कटॉप अ‍ॅपचे उदाहरण घ्या. वेबच्या कोडमधून डेस्कटॉप अ‍ॅप बनवणारे इलेक्ट्रॉन प्रत्येक अ‍ॅपसोबत क्रोमियम (क्रोमचा गाभा असलेला ब्राउझर) आणि नोड (जावास्क्रिप्टचा रनटाइम) बांधून देते, त्यामुळे रिकामे अ‍ॅपसुद्धा जड होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसरी मोठी आवृत्ती आलेले टाउरी ऑपरेटिंग सिस्टिममधलाच वेबव्ह्यू (वेबपान दाखवणारा भाग) वापरते, म्हणून त्याची फाइल कितीतरी लहान राहते. आपली अडचण डाउनलोडच्या आकाराची असेल, तर टाउरी उत्तम. पण विंडोजवर त्या वेबव्ह्यूच्या मागे क्रोमियमचे इंजिन असते, तर मॅक आणि लिनक्सवर वेबकिटचे. तेव्हा तीन ठिकाणी तीन प्रकारे दिसणारी मांडणी तपासत बसण्याचे काम आपल्या गळ्यात पडते. सगळीकडे पिक्सेलपर्यंत सारखे दिसणे हीच ज्याची गरज आहे, त्याने इलेक्ट्रॉनचा जडपणा खुशाल सोसावा.

दुसरी पायरी: टूल कोणत्या थरात बसते ते ठरवावे

सगळी टूल्स सारख्या धोक्याची नसतात. कोड नीटनेटका करणारा फॉरमॅटर किंवा चुका दाखवणारा लिंटर बदलणे हे एका दुपारचे काम आहे, म्हणून तिथे नवे टूल बिनधास्त वापरून पाहावे. पॅकेज मॅनेजर आणि बिल्ड टूल बदलायला दिवस लागतात. फ्रेमवर्क, म्हणजे ज्या सांगाड्यावर सगळे अ‍ॅप उभे असते तो, बदलायला महिने लागतात, कारण त्याच्या सवयी प्रत्येक फाइलमध्ये मुरलेल्या असतात. अँग्युलरजेएस या फ्रेमवर्कचा आधार ३१ डिसेंबर २०२१ रोजी संपला, तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या मोठ्या अ‍ॅपना दुरुस्ती पुरली नाही, पुनर्लेखनच करावे लागले. सर्वांत खाली डेटा आणि वापरकर्त्यांची ओळख असते. जितका खोल थर, तितके जुने आणि मुरलेले टूल घ्यावे, हा माझा नियम आहे. उत्साह वरच्या थरासाठी राखून ठेवावा.

एकाच कामाची दोन टूल्ससुद्धा वेगवेगळ्या थरांत बसू शकतात. अँड्रॉइड आणि आयफोन यांच्यासाठी एकच कोड ठेवायचा असेल, तर फ्लटर आणि कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्म हे दोन्ही पर्याय पुढे येतात. फ्लटर पडदा स्वतः रंगवते आणि सगळा कोड डार्ट या भाषेत असतो; त्यामुळे सुरुवातीला वेग फार चांगला मिळतो, पण सोडायचे झाले तर पडद्यांसह सगळेच सुटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झालेल्या कोटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये हिशेब, नेटवर्क आणि साठवण एवढाच भाग सामाईक ठेवून पडदे मूळ पद्धतीने लिहिता येतात. हा प्रयोग फसला तरी अँड्रॉइडकडचा कोटलिन कोड जागच्या जागी कामाचा राहतो. आधीच दोन्हीकडे अ‍ॅप असलेल्या टीमने म्हणून दुसऱ्या वाटेचा विचार आधी करावा. शून्यातून सुरू करणाऱ्या दोन-तीन जणांच्या टीमला मात्र मी फ्लटरच सुचवेन.

तिसरी पायरी: प्रकल्पाची नाडी पाहावी

कोडच्या भांडारावरच्या ताऱ्यांची संख्या ही लोकांच्या कुतूहलाची मोजणी आहे. तिच्याकडे पाहण्याऐवजी आवृत्ती क्रमांक पाहावा. सिमँटिक व्हर्जनिंगच्या नियमानुसार शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्तीत काहीही केव्हाही बदलू शकते, म्हणजे तशा टूलचा लेखक आपल्याला कोणतेही वचन देत नसतो. त्यानंतर बदलांची यादी उघडून मागच्या तीन मोठ्या आवृत्त्यांमध्ये काय काय मोडले आणि स्थलांतराची मार्गदर्शिका दिली होती का, हे वाचावे. बंद झालेल्या तक्रारी उघड्या तक्रारींपेक्षा जास्त बोलक्या असतात: उत्तर देणारा एकच माणूस आहे की चार-पाच, आणि ‘आमच्याकडे चालते’ म्हणून तक्रार मिटवली जाते की कारण शोधले जाते, हे त्यांतून कळते.

मग पैसा. टूल फुकट असले, तरी ते बनवणाऱ्याचा खर्च कोण भागवते हे विचारायलाच हवे. फेसबुकने २०१३ मध्ये पार्स ही मोबाइल बॅकएंड सेवा विकत घेतली, जानेवारी २०१६ मध्ये ती बंद करण्याची घोषणा केली आणि वर्षभराची मुदत देऊन जानेवारी २०१७ मध्ये ती बंदही केली. सोबत पार्स सर्व्हर खुला करून दिल्यामुळे अनेक अ‍ॅप वाचली. तरी ते स्वतःच्या सर्व्हरवर चालवणे आणि त्याची देखभाल करणे हे नवे काम डोक्यावर आलेच. हिरोकू या सेवेचे फुकट डायनो, म्हणजे अ‍ॅप चालवण्याच्या जागा, नोव्हेंबर २०२२ मध्ये संपले. फुकट योजना टूल तपासण्यासाठी वापरावी, तिच्यावर धंदा उभारू नये.

परवान्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हरची मांडणी कोडने करणारे टेराफॉर्म एमपीएल या खुल्या परवान्यातून काढून बिझनेस सोर्स लायसन्स या निर्बंध असलेल्या परवान्याखाली नेले, तेव्हा आधीच्या खुल्या आवृत्तीतून ओपनटोफू हा फाटा निघाला आणि तो लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसने बीएसडी हा खुला परवाना सोडला आणि काही दिवसांतच व्हॅल्की हा त्याचा फाटा उभा राहिला. पुढे २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएल या खुल्या परवान्याचा पर्याय दिला. रोम या जावास्क्रिप्ट टूलच्या मागची कंपनी २०२३ मध्ये टिकली नाही, पण कोड एमआयटी परवान्याखाली असल्यामुळे त्यावर काम करणाऱ्यांनी तो बायोम या नावाने पुढे नेला आणि आज तो जोमात आहे. या तिन्ही घटनांमध्ये वापरणाऱ्यांना वाचवले ते आधी दिलेल्या खुल्या परवान्याने, कारण एकदा दिलेली ती परवानगी जुन्या आवृत्तीपुरती काढून घेता येत नाही. म्हणून परवान्याची फाइल स्वतः उघडून वाचावी. मुखपृष्ठावरचा ‘खुला’ हा शब्द आणि फाइलमधला मजकूर यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही. भांडारात एखादे वेगळे ‘एंटरप्राइज’ फोल्डर दिसले, तर आपल्याला हवी असलेली सोय नेमकी त्यातच तर नाही ना, तेही पाहून घ्यावे.

ब्राउझरमधल्या नव्या सोयींसाठी ही तपासणी सोपी झाली आहे. बेसलाइन या वर्गीकरणात एखादी सोय सर्व प्रमुख ब्राउझरांत आली की ती ‘नव्याने उपलब्ध’ ठरते आणि त्यानंतर ३० महिन्यांनी ‘सर्वत्र उपलब्ध’. बहुतेक प्रकल्पांनी दुसऱ्या शिक्क्याची वाट पाहावी.

चौथी पायरी: छोटा, मोजता येणारा प्रयोग करावा

इथे एक उदाहरण जवळून पाहू. नोडवर चालणारी एक सेवा आहे आणि तिच्यासाठी बन हे नवे टूल वापरून पाहायचे आहे. बनची १.० आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये आली; ते सफारीतले जावास्क्रिप्टकोर इंजिन वापरते, तर नोड आणि डेनो हे रनटाइम क्रोममधल्या व्ही८ वर उभे आहेत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बन ही एका नावाखालची चार टूल्स आहेत: पॅकेज मॅनेजर, टेस्ट रनर, बंडलर (कोडच्या फाइल एकत्र बांधणारे) आणि रनटाइम. चारही एकदम बदलली आणि काही बिघडले, तर दोष कुणाचा हे कळायला मार्ग उरत नाही.

म्हणून कोडची वेगळी शाखा (ब्रँच) काढून आधी फक्त पॅकेज उतरवण्याचे काम बनकडे द्यावे. सेवा नोडवरच चालू राहू द्यावी. मोजणी एकाच मशीनवर करावी, कॅश रिकामी असताना दहा वेळा आणि भरलेली असताना दहा वेळा, आणि सरासरीऐवजी मधला आकडा घ्यावा, कारण एखादी अडखळलेली फेरी सरासरीला ओढून नेते. हायपरफाइनसारखे छोटे टूल हे काम नीट करते. लॉकफाइलही, म्हणजे प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी फाइलही, पाहावी: आवृत्ती १.२ पासून बनची लॉकफाइल साध्या मजकुराची झाली आहे, त्यामुळे कोड तपासताना डिपेंडन्सीतला बदल डोळ्यांना दिसतो. आधीच्या बायनरी फाइलमध्ये तो असा सहज दिसत नसे, आणि एवढ्या एका कारणासाठी मी तेव्हा तिच्यापासून दूर राहिलो असतो.

हे आठवडाभर सुरळीत चालले की चाचण्या हलवाव्यात. बनच्या टेस्ट रनरसाठी चाचण्या जेस्ट या चाचणीच्या टूलसारख्याच लिहिल्या जात असल्या, तरी मॉड्यूल मॉक करण्याच्या (खऱ्याऐवजी नकली भाग वापरण्याच्या) पद्धतीत फरक जाणवतात. शंभरातल्या पाच चाचण्या पडल्या, तर त्या का पडल्या हे कळेपर्यंत पुढे जाऊ नये. शेवटी रनटाइम, तोही रात्री चालणाऱ्या अहवालासारख्या कमी जोखमीच्या कामापुरता. सी++ मधून थेट व्ही८ शी बोलणारी जुनी नेटिव्ह पॅकेजेस इथे अडखळू शकतात, कारण खाली व्ही८ नाही. बनने त्या एपीआयचा काही भाग स्वतः पुरवला आहे, पण आपल्याला लागणारा भाग त्यात आहे की नाही हे चालवूनच कळते. मेमरीचा आलेख निदान २४ तास पाहावा. पाच मिनिटांत दिसणारा वेग आणि दिवसभर टिकणारा वेग या वेगळ्या गोष्टी आहेत.

आकडे वाचतानाही भान हवे. एका विनंतीला ८० मिलिसेकंद लागत असतील आणि त्यातले ७० डेटाबेसची वाट पाहण्यात जात असतील, तर उरलेल्या १० मध्ये रनटाइम दुप्पट वेगाचा झाला तरी बचत ५ मिलिसेकंदांची. जाहिरातीतले विनंत्यांचे आकडे बहुधा डेटाबेस नसलेल्या सेवेवर काढलेले असतात. तोच वेळ डेटाबेसमध्ये एखादा इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) नीट लावण्यात घातला, तर कितीतरी जास्त पदरात पडते.

पाचवी पायरी: सोबत काय काय येते ते पाहावे

नवे टूल एकटे येत नाही, आपला गोतावळा घेऊन येते. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे ११ ओळींचे पॅकेज एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या कोठारावरून काढले गेले आणि असंख्य बिल्ड थांबले. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये, मागचा दरवाजा (गुपचूप आत शिरण्याची वाट) सापडला, तोही एसएसएच या दूरच्या मशीनवर जाण्याच्या पद्धतीतल्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा अँड्रेस फ्रॉइंड यांनी लावल्यामुळे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनपीएमवर स्वतःच पसरत जाणाऱ्या किड्याने शेकडो पॅकेजेस बाधित केली.

उपाय कंटाळवाणे आहेत, पण ते लागू पडतात. लॉकफाइल भांडारात ठेवावी आणि सीआयमध्ये तिच्याबरहुकूमच पॅकेजेस उतरवावीत. पॅकेज उतरताच आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्ट बंद ठेवाव्यात. बन (काही लोकप्रिय पॅकेजेस सोडून) आणि पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरची दहावी आवृत्ती हे मुळातच करतात आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांची नावे आपल्याला यादीत घालावी लागतात. नवी आवृत्ती बाहेर पडल्या पडल्या घेऊ नये. पीएनपीएममध्ये आवृत्ती किमान किती जुनी हवी हे ठरवता येते, आणि बाधित पॅकेजेस अनेकदा काही तासांतच पकडली जात असल्याने चार दिवसांची वाट पाहणेही मोठे संरक्षण देते.

सहावी पायरी: बाहेर पडण्याची रंगीत तालीम

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते, आणि माझ्या मते तीच निर्णायक आहे. टूल स्वीकारण्याआधी ते सोडून पाहावे.

समजा सुपाबेस या प्लॅटफॉर्मवर छोटा प्रकल्प उभारला आहे. त्याच्या मुळाशी पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, तेव्हा त्याचे पीजी-डंप हे टूल वापरून सगळा डेटाबेस उतरवावा आणि आपल्या मशीनवर त्याच मोठ्या आवृत्तीच्या रिकाम्या पोस्टग्रेसमध्ये तो चढवावा. पहिल्या फेरीत चुकांची रांग लागेल, आणि ती रांग हेच तालमीचे फळ आहे. काही रोल (डेटाबेसमधली परवानग्यांची खाती) नसतील, एखादे एक्स्टेन्शन (जोडभाग) नसेल, आणि कोणी कोणती ओळ पाहावी हे ठरवणारे नियम ज्या फंक्शनला ‘आता लॉगिन केलेला माणूस कोण’ असे विचारतात, ते फंक्शन प्लॅटफॉर्मच्या ऑथ स्कीमामधले (लॉगिनच्या टेबलांच्या वेगळ्या गटातले) असल्यामुळे केवळ आपली टेबले उतरवली असतील तर तिथे सापडणार नाही. ते आपल्याला लिहावे लागेल. त्यानंतर प्रत्येक टेबलातल्या ओळी मोजून दोन्हीकडचे आकडे जुळवावेत. वापरकर्त्यांनी चढवलेल्या फाइल डेटाबेसमध्ये नसतात, तिथे फक्त त्यांच्या नोंदी असतात, म्हणून फाइल वेगळ्या उतरवाव्यात. पासवर्डचे हॅश मिळतात का आणि ते कोणत्या पद्धतीचे आहेत, हे तपासावे: सुपाबेस बीक्रिप्ट ही सर्वपरिचित पद्धत वापरते, तर फायरबेस हा तसाच दुसरा प्लॅटफॉर्म एस-क्रिप्ट (scrypt) या पद्धतीची स्वतः बदललेली आवृत्ती वापरतो आणि तिची मापे देतो, म्हणजे तिथून निघायचे तर त्या बदललेल्या पद्धतीला ओळखणारी व्यवस्था पलीकडे हवी. एवढे झाले की घड्याळ पाहून लागलेला वेळ लिहून ठेवावा. दोन दिवस लागले, तर मी निर्धास्तपणे पुढे जातो; आठवडा उलटला, तर पुन्हा विचार करतो.

वेळ जास्त निघाला म्हणून टूल टाकूनच द्यावे असे नाही. मध्ये पातळ भिंत घालून तो कमी करता येतो. एजवर, म्हणजे वापरकर्त्याच्या जवळच्या सर्व्हरवर, चालणाऱ्या सेवांचे उदाहरण घ्या. क्लाउडफ्लेअर वर्कर्स, डेनो आणि बन हे तिघेही विनंती आणि प्रतिसाद यांच्यासाठी वेबच्या मानक वस्तूच वापरतात, आणि नोडमध्येही आवृत्ती १८ पासून त्या उपलब्ध आहेत. व्यवसायाचे नियम साध्या फंक्शनमध्ये ठेवून प्लॅटफॉर्मची खास नावे दोन-तीन फाइलपुरती मर्यादित ठेवली, तर घर बदलताना फक्त उंबरठा बदलावा लागतो.

सातवी पायरी: कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीचा वेगळा विचार

कोड लिहून देणारे सहायक नव्या टूलच्या बाबतीत कच्चे असतात, कारण त्यांनी जे वाचले आहे ते बहुतांशी जुन्या आवृत्तीचे असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या स्वेल्ट या फ्रेमवर्कच्या पाचव्या आवृत्तीने रून्स ही नवी रीत आणली. आजही सहायकाला मोघम सांगितले, तर तो चौथ्या आवृत्तीच्या सवयीने लिहून मोकळा होऊ शकतो, आणि जुनी रीत चालू राहत असल्यामुळे चूक लगेच दिसतही नाही. आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख करावा आणि अधिकृत मार्गदर्शिकेचा मजकूर सोबत द्यावा. सुचवलेले पॅकेज खरोखर अस्तित्वात आहे का हे पाहिल्याशिवाय उतरवू नये, कारण सहायकांनी कल्पिलेल्या नावांची पॅकेजेस मुद्दाम चढवून ठेवणारेही असतात. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या एमसीपी प्रोटोकॉलमुळे सहायक थेट डेटाबेसशी जोडता येतो. त्याला केवळ वाचण्याची परवानगी द्यावी आणि तीही खऱ्या डेटावर नव्हे, प्रतीवर.

आठवी पायरी: निर्णयाची नोंद

आता निर्णय घ्यावा आणि तो कोडच्याच भांडारात एका पानावर लिहावा. पहिल्या पायरीतले वाक्य, मोजलेले आकडे, ज्या आवृत्तीवर मोजले ती आवृत्ती, तालमीला लागलेला वेळ आणि नाकारलेले पर्याय एवढे त्यात असावे. नाकारलेल्यांची कारणे विशेष सविस्तर लिहावीत, कारण सहा महिन्यांनी टीममध्ये आलेला नवा सहकारी नेमके तेच विचारणार असतो आणि तोवर आपणही ती विसरलेलो असतो. खाली, काय घडले तर टूल सोडायचे, तेही लिहावे: परवाना बदलला, सहा महिने एकही आवृत्ती आली नाही, बिल अमुक आकड्याच्या वर गेले. पानाच्या तळाशी पुनर्विचाराची तारीख घालावी आणि त्या दिवशी सहाव्या पायरीतली तालीम पुन्हा एकदा करावी, कारण मधल्या काळात आपण त्या प्लॅटफॉर्मच्या आणखी चार सोयी वापरू लागलेले असतो आणि मागच्या वेळचे दोन दिवस आता दोनच उरलेले नसतात.